माइक दोन

मी साउंडवाला. माझं टेबल सगळ्यांच्या मागं,
तणसाच्या पेंढ्यांना टेकून.
प्रेक्षकांचे चेहरे मला कधी दिसत नाहीत.
नाटक कुठवर पोचलं ते मी पाठींवरून ओळखतो.

दिवसा शंकरपट झाला, बैल घरी गेले.
रात्री अकराला कोसंबीच्या बांधीत पडदा सरकला
तर स्टेजवर दोन खुर्च्या आणि एक थर्मास.
पुढून कोणी ओरडलं, "नाच कधी हाये गा?"
नाच नव्हता.
बावीस वर्षांनी दोघं भेटतात, एवढंच होतं,
तालुक्याच्या दवाखान्यात, व्हरांड्यात,
तो बापाला घेऊन आलेला, ती सासूला.

तो विचारतो, "चष्मा कधी लागला?"
आरमोरीकडं इथं शिट्टी पडली होती.
दुसऱ्या एका गावी पोरं इतकी हसली
की त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं,
आणि दुसऱ्यांदा म्हणताना तो खरंच लाजला.
कोसंबीत काही नाही.
फक्त ब्लँकेटं हलली,
झोपेत कूस बदलावी
आणि बदलता बदलता जाग यावी, तशी.

बायकांच्या बाजूला एक हिरवी शाल होती.
पुस्तकला लांजेवार, अंगणवाडीत मदतनीस;
माइक लावताना तिनंच मला पाणी दिलेलं.
दुसऱ्या अंकात ती शाल ताठ झाली,
मग दोरीच्या पलीकडं वाकून
नवऱ्याच्या कानाशी काही बोलली.
त्याचं डोकं हललं नाही.
कानटोपी होती. ऐकू गेलं नसेल.

शेवटी तो विचारतो, "तेव्हा तू का नाही आलीस?"
ती झाकण फिरवते, दोन कपांत चहा ओतते,
एक त्याच्याकडं सरकवते.
बोलत काही नाही.
माझ्या वहीत तिथं लिहिलंय:
माइक दोन, बंद.

पहाटे टपरीवर धुकं आणि भांडण.
"थ्यानं इचारालेच नोको होता."
"काहून? बावीस साल पोटात ठेवाचा का गा मानसानं?"
"तिचा नवरा जित्ता हाये. मंग चा कायले पाजते?"
"चा पाजला तं का झाला? पावन्याले तुमी नाई पाजत?"
"पावना होय थो?"
यावर सगळे आलूबोंड्याच्या कढईत बघत राहिले.
एक पोरगा म्हणाला, तिकिटाचे पैसे पान्यात गेले,
एखादी लावनी तं टाकाची होती.
त्याला कोणी हो म्हणालं नाही. नाहीही म्हणालं नाही.

मी वायर गुंडाळत होतो तेव्हा डोनूजी कोडापे आले,
हातात काठी, पायात मुलाचे बूट.
"आवाज बराबर ठेवला बापा.
नाईतं थ्या बाईचा शेवटचा बोलना
मले आयकू नसता आला."
म्हटलं, कोणतं?
"थोच. चा वततानी.
नाल्याले पूर होता, म्हनली ना."

वायर माझ्या कोपरावर अर्धी राहिली.
पंचेचाळीस प्रयोग झालेत. तिथं ओळ नाही.

"मी बी अलीकडच्या काठावर होतो," डोनूजी म्हणाले,
"मले वाटे, थे निगालीच नसंल घरून."
मग काठीनं स्पीकरचं खोकं जरा ठोकून पाहिलं,
बैल घेताना ठोकतात तसं,
आणि गेले.

मी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या रात्री सावलखेड्यात
तो प्रश्न आला, झाकण फिरलं,
आणि मी माइक दोन चालू ठेवला.
कुठंतरी तणस वाजलं. कोणी खोकलं.
कपात पडणारा चहा
अख्ख्या बांधीला ऐकू गेला.

मॅनेजर सकाळी ओरडला.
म्हटलं, चुकून राहिला.